दत्तोबाच्या लेकाची मिशी

काळेवाडीच्या ज्योतीरामला मिसरूड लवकर फुटलं. आठवीत ओठावर काळी रेघ दिसायला लागली आणि अकरावीत, म्हणजे त्रेपन्न साली, पीळ देता येईल अशी झकास मिशी झाली. वर्गातली बाकीची पोरं आरशात तोंड घालून लव शोधत होती, तेव्हा हा गडी मास्तरांपेक्षा थोराड दिसायचा. त्याच्या बापाला, दत्तोबाला, त्या मिशीचं कोण कौतुक! दत्तोबा दापोडीच्या एका वर्कशॉपात लोखंड उचलायच्या कामाला होता. पहाटे पिंपरी स्टेशन गाठायचा, दिवेलागणीला परतायचा आणि अंगणात पाय धुता धुता बायकोला म्हणायचा, "यशोदे, आता घरात दोन बाप्ये झालं बरं का. भाकरी जपून वाढ."

यशोदाबाई हसायची आणि दोन शब्द जास्तीचे सुनवायची. मुळातच ती बोलकी बाई. चुलीशी बोलायची, म्हशीशी बोलायची, धाकट्या शालनशी बोलायची, आणि ज्योतीराम शाळेतून आला की मग विचारूच नका. आज काय शिकवलं, कुणी मार खाल्ला, पिंपरी कॅम्पातल्या सिंध्यांच्या पोरांनी डब्यात काय आणलं होतं, सगळं तिला ऐकायचं असे. स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती, पण लेकाच्या तोंडून ऐकून ऐकून अकबराच्या बापाचं नाव तिला पाठ झालं होतं. ही गोष्ट तिच्या बोलण्याचीच आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

काळेवाडी तेव्हा पवनेकाठची लहानशी वस्ती. हायस्कूल नदीपलीकडे चिंचवडला. उन्हाळ्यात धोतर, चड्ड्या वर खोचून उतारातून जायचं, पावसाळ्यात नावेतून. पूर आला की नाव बंद आणि शाळेला आपोआप सुट्टी. या नदीनं कितीतरी पोरांची शाळा सातवी-आठवीतच सोडवली. अकरावीपर्यंत तगलेला काळेवाडीचा पहिला पोरगा म्हणजे ज्योतीराम. गावातली म्हातारी माणसं त्याला वाटेत थांबवून पत्रं वाचून घ्यायची आणि वर "साहेब हुनार तू" असा आशीर्वाद द्यायची.

शाळा त्याला मनापासून आवडायची. सकाळची कवायत आवडायची, टकळीवर सूत काढायचा तास आवडायचा, त्यात त्याचं सूत दर चार वेढ्यांना तुटायचं तरी आवडायचा. पण जीव जडला होता तो दोन गोष्टींवर, आणि त्या दोन्ही आठल्ये मास्तरांच्या हातात होत्या. मास्तर कोकणातले, रत्नागिरीकडचे. चेहरा तासून गुळगुळीत केलेला, आवाज खणखणीत. ते अकरावीला शरीरशास्त्र आणि आरोग्यशास्त्र शिकवायचे आणि वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायचे.

आरोग्यशास्त्रात ज्योतीरामचा पहिला नंबर कधी सुटला नाही. त्याचं निम्मं श्रेय त्याच्या दोस्ताला, अजीजला. अजीजची अम्मा हसीना चिंचवडच्या बाजारात बांगड्या भरायची. पोरगं अभ्यासात यथातथाच, पण गळा असा की ऐकत राहावं. मास्तरांनी उतरवून दिलेला प्रत्येक धडा तो टाळ्या वाजवत कव्वालीसारखा म्हणायचा आणि सगळा बाक त्याला साथ द्यायचा. हिवताप झाला, विषमज्वर झाला, देवी झाल्या. धनुर्वाताची कव्वाली तर मधल्या सुट्टीत हमखास व्हायची. धनुर्वाताचे जंतू शेणात, मातीत राहतात. जखम उकळलेल्या पाण्यानं धुवावी. शेण, माती, राख जखमेला कदापि लावू नये. "कदापि लावू नये" हे पालुपद अजीज असा आळवायचा की खिडकीतून मास्तरही हसायचे.

डिसेंबरात मास्तरांनी स्वतः लिहिलेलं नाटक काढलं. कुणी एक सरदार, त्याची बायको सगुणाबाई, सरदार मोहिमेवर निघतो आणि ती त्याला हसत निरोप देते, असं काहीसं. नाटक बेताचंच होतं. मास्तर शिकवायचे त्याच्या निम्म्यानंही त्यांना लिहिता येत नव्हतं, पण हे त्यांना सांगणार कोण? सगुणाबाईसाठी त्यांनी सगळ्या पोरांचं वाचन घेतलं. ज्योतीरामनं निरोपाचं भाषण वाचलं आणि मागच्या बाकावरची टारगट पोरंसुद्धा गप्प झाली. घरी आईचं बोलणं दिवसरात्र कानावर पडलेलं. बाईचा आवाज कुठं चढतो, कुठं अडतो, कुठं हसून वेळ मारून नेतो, ते त्याच्या जिभेवर आपसूक बसलं होतं.

"काम तुझं," मास्तर म्हणाले. "मिशी तेवढी काढून ये."

मास्तरांच्या दृष्टीनं विषय संपला. त्यांच्या घरात मिशी म्हणजे नुसते केस. काळेवाडीत तसं नव्हतं. बाप हयात असताना लेकानं मिशी उतरवायची नाही, ती उतरते बाप गेल्यावरच, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळायचं. ज्योतीराम घरी आला तो तोंड पाडून. जेवताना त्यानं ही गोष्ट काढली आणि यशोदाबाईनं परातीतला हात तसाच वर धरला.

"इस्तू पडो त्या नाटकावर," ती म्हणाली. "बाप जित्ता हाय तुजा."

दत्तोबा मात्र खो खो हसत सुटला. "आगं, मी काय त्याच्या मिशीला टांगलोय व्हय? माज्या मला दोन हाईत की! एक खाली, एक वर." खरोखरच त्याच्या मिशीची एक बाजू नेहमी कलंडलेली असायची. "ज्योत्या, काढ मिशी. मी यीन बघाया."

दुसऱ्या दिवशी रविवार. चिमाजी न्हावी पिंपळाखाली बसायचा. त्यानं पोराच्या तोंडाकडं पाहिलं, कारण ऐकलं आणि वस्तरा धोपटीत परत ठेवला. "माजा हात धजायचा न्हाई, दत्तोबा. पाप कुनाच्या माथी?" तेव्हा दत्तोबानं धोपटीतून वस्तरा स्वतःच उचलला, लेकाची हनुवटी धरली आणि चार माणसांदेखत, हसत हसत, स्वतःच्या हातानं त्याची मिशी उतरवली. एका जागी जरा कापलं तर थुंकी लावली. बघणारे हसले, चिमाजी हसला नाही.

त्या दिवसापासून यशोदाबाई ज्योतीरामशी बोलेनाशी झाली. नवऱ्यावरचा राग तिनं दोन दिवसांत गिळला. नवऱ्यावर किती दिवस रागावणार? लेकावर मात्र तो राहिला. हट्ट त्याचा, नाटक त्याचं. भाकरी समोर ठेवायची, शब्द नाही. दोन आठवडे असे गेले. ज्योतीरामला वाटायचं, नाटक होऊ दे, मिशी काय, महिन्याभरात पुन्हा येईल, आणि आईचं बोलणंही. पण घरात शिरलं की ते गप्प तोंड बघून त्याला शाळेतली एकही गोष्ट पोटात ठेवता येईना आणि सांगताही येईना.

संमेलन जानेवारीत झालं. दुपारचं, कारण शाळेत विजेचे दिवे नव्हते. हसीनानं त्याच्या रुंद मनगटात बांगड्या चढवताना तीन फोडल्या आणि पोट धरून हसली. दत्तोबा खाडा करून आला होता, धुतलेला सदरा, लाल फेटा, पहिल्या रांगेत. यशोदाबाई आली नाही. सरदार निघाला, सगुणाबाईनं त्याच्या कमरेला तलवार बांधली, आणि दत्तोबा मोठ्यानं ओरडला, "आरं सरदारा, नगं जाऊ रं!" सगळा मांडव हसला. मग सगुणाबाईचं भाषण सुरू झालं तसं हसू थांबलं, आणि शेवटाला ज्योतीरामनं पाहिलं, बाप फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होता. त्या दिवशीइतकं सुख त्या पोराला पुढं आयुष्यात कधी लाभलं नाही.

दुसऱ्या दिवशी रंगमंचाच्या फळ्या काढायच्या होत्या. लोखंड उचलणारा गडी हातावर हात ठेवून बसणार थोडाच? रविवार असल्यानं दत्तोबा आपणहून मदतीला गेला आणि उलट्या पडलेल्या फळीचा खिळा त्याच्या टाचेत घुसला. त्यानं तो उपसला, रक्त धुतलं आणि लंगडत, गप्पा मारत, नदी ओलांडून लेकाबरोबर घरी आला.

यशोदाबाईनं पाय मांडीवर घेतला. तिच्या माहेरचं औषध होतं: हळद, चुलीतली राख आणि वर गाईचं ताजं शेण. तिच्या आईनं तेच केलं होतं, आजीनं तेच. ज्योतीराम दारात उभा होता. तिनं मान वर केली आणि चौदा दिवसांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलली.

"ज्योती, शेजारच्या गोठ्यातनं शेन आन. ताजं बघून आन."

आई बोलली! ज्योतीराम धावतच सुटला. गाईच्या पायाशी वाकला तेव्हा तो धडा त्याच्या मनात आला होता. अजीजच्या आवाजासकट आला होता. नाही असं त्यानं पुढं स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नाही. आला, आणि त्यानं तो बाजूला सारला. शाळेतलं शाळेत. त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर लहानपणी दहादा हेच बांधलं होतं आणि दहादा बरं झालं होतं. आणि आत्ता घरी जाऊन "आये, हे लावू नगं" म्हटलं तर ती पुन्हा गप्प होईल, ही भीती सगळ्यांत मोठी होती. त्यानं ओंजळभर शेण आणलं. यशोदाबाईनं ते जखमेत दाबून भरलं, वर फडकं घट्ट बांधलं आणि हात धुता धुता विचारलं, "कसं झालं रं नाटक?" तो पार रात्रीचं जेवण होईपर्यंत सांगत राहिला.

आठव्या दिवशी दत्तोबाला भाकरीचा घास तोंडात घालता येईना. जबडा धरला. एक दिवस देवऋष्याकडे गेला, मग मान ताठली, पाठ धनुष्यासारखी उचलायला लागली, तेव्हा बैलगाडीतून पिंपरी स्टेशन आणि लोकलनं पुणे. सरकारी दवाखान्यात त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, कारण उजेडानं, आवाजानं झटके यायचे. डॉक्टरांनी टाचेचं फडकं सोडलं आणि ज्योतीरामला बाजूला घेतलं.

"खिळा लागला हे समजलं. पण हे शेण कुणी भरलं जखमेत? शेणानंच घात केलाय."

दाराच्या फटीतून व्हरांडा दिसत होता. तिथं यशोदाबाई नवऱ्याचा फेटा मांडीवर घेऊन बसली होती.

"म्या," ज्योतीराम म्हणाला.

"शिकतोस का काही?"

"अकरावीला हाय."

"आरोग्यशास्त्र आहे ना तुम्हाला?"

"हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

दत्तोबा तिसऱ्या दिवशी गेला. जायच्या आधी त्यानं लेकाच्या तोंडाकडे, त्या बोडक्या ओठाकडे, बराच वेळ पाहिलं. दात आवळलेले, ओठ दोन्हीकडे ताणलेले. तो हसत होता की आजारानंच ते तोंड तसं ओढलं होतं, हे ज्योतीरामला कळलं नाही. विचारावं, तर बापाला बोलता येत नव्हतं.

दहाव्याला पवनेच्या काठावर चिमाजी क्षौराला बसला. डोक्याचे केस उतरले, मग वस्तरा ओठावर आला आणि तिथं थांबला. उतरवायला काही नव्हतंच. नुकते कुठं खुंट फुटत होते. सगळी काळेवाडी बघत होती. चिमाजीनं रीत म्हणून वस्तरा नुसता फिरवला आणि खालमानेनं म्हणाला, "ह्ये काम आदीच झालंया." त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण तेवढं वाक्य गावाला पुरलं. कावळा तर पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला; म्हणजे दत्तोबाचा स्वतःचा काही राग नसावा. पण बायकोच्या रागाला कावळा काय करणार?

घरी आल्यावर यशोदाबाई लेकाला म्हणाली, "बाप जित्ता असताना मिशी काढलीस. गेला बाप. झालं समाधान?"

त्याच्याशी तिचं बोलणं तिथंच तुटलं. त्यानंतर तिनं त्याच्याकडे तोंड करून शब्द उच्चारला नाही. बारा वर्षांची शालन मध्ये असायची. "शालन, त्याला इचार भाकर वाढू का." "शालन, त्याला सांग सरपण संपलंय." तो तीन हातांवर बसलेला असायचा. शालन आधी आईचं वाक्य पुन्हा म्हणायची, मग भावाचं उत्तर पुन्हा म्हणायची, आणि कधी कधी मध्येच रडायला लागायची.

अजीज बारावा उलटल्यावर भेटायला आला. दोघं नदीकाठच्या खडकावर बसले. "क्या हुआ था नेमकं?" त्यानं विचारलं. ज्योतीरामनं खिळा सांगितला, शेण सांगितलं. कोणी आणलं तेही सांगितलं. अजीजचं तोंड उघडं राहिलं. "यार, वो तो अपने धड्यात..." एवढं म्हणून तो थांबला. त्यानं ज्योतीरामच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो उठेपर्यंत काढला नाही. त्या दिवसानंतर अजीजनं शाळेत एकही कव्वाली म्हटली नाही. अकरावीचा वर्ग एकदम मुका झाला.

मार्चात एस. एस. सी.ची परीक्षा आली. डोक्यावर खुरट्या केसांची टोपी घेऊन ज्योतीराम बसला. मराठी लिहिलं, इतिहास लिहिला, बीजगणितसुद्धा बरं गेलं. शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्राचा पेपर हातात पडला. त्यात धनुर्वाताचा प्रश्नच नव्हता. कानाची आकृती होती, पचनक्रिया होती, हिवताप होता, सगळं येत होतं. पण लेखणी उचलली की गोठ्यातला तो ओला वास यायचा. तीन तास तो बसून राहिला आणि कोरा कागद देऊन बाहेर आला. ज्या विषयात पहिला नंबर, त्यातच नापास. बाप गेल्याच्या धक्क्यानं असं झालं, असं सगळे म्हणाले आणि ऑक्टोबरला पुन्हा बस म्हणाले. तो बसला नाही.

पुढं पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना सुरू झाला तेव्हा त्याला तिथं बाटल्या धुवायचं काम मिळालं. नीट काम केलं, ओव्हरटाइम केला, सत्तावन्न साली शालनचं लग्न थाटात लावून दिलं. शालन चऱ्होलीला नांदायला गेली आणि घरात माय-लेक दोघंच उरली. आता मध्ये कोण? यशोदाबाईनं म्हशीला मध्ये घेतलं. "चंद्रे, कुनाला तरी सांग, कालवन थंड होतंय." तो येऊन मुकाट जेवायचा. त्यानं मिशी ठेवून पाहिली, तर तिला ती बघवेना. काढून पाहिली, तर तेही बघवेना. लग्नाचं वय उलटत होतं, पण लग्नाचं बोलायला आधी आईनं बोलायला हवं. शेजारणींना वाटे, पोराला काही दुःख नाही, दगड आहे दगड. त्या बायांना काय माहीत? रोज संध्याकाळी दारात चपला काढताना तो जरा रेंगाळायचा, आज तरी ती "आलास का?" म्हणेल म्हणून.

एकदाच त्याचा तोल गेला होता. यशोदाबाई म्हशीची धार काढत होती आणि म्हशीलाच सांगत होती, "एकेक जल्माला येत्यात चंद्रे, बापाला खायाला." ज्योतीराम दारातून पुढं आला. "आये, पुन्याचा डाक्टर काय म्हनला हुता ठावं हाय का तुला?" तिचे हात थांबले. तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण ऐकत होती. एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं बोललं की इतक्या वर्षांचा आरोप त्याच्या डोक्यावरून उतरला असता. त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. ते हात त्या दिवशी टाचेवर फडकं किती मायेनं बांधत होते, ते त्याला आठवलं. मिशीचं पाप लेकाचं आहे, एवढ्या आधारावर ती बाई उभी होती. तो आधार काढला तर ती ज्या हातांनी भाकरी थापते त्या हातांकडे पुन्हा बघू शकेल का?

"काय न्हाई," तो म्हणाला. "दूध थोडं कमी हाय आज."

एकोणसाठच्या फेब्रुवारीत आठल्ये मास्तर काळेवाडीला आले. नोकरी संपवून कोकणात जायला निघाले होते, जुन्या विद्यार्थ्यांचा निरोप घेत होते. ज्योतीरामचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. मास्तर घोंगडीवर टेकले, पाणी प्यायले, चहाचा पेला हातात घेतला आणि इकडचं तिकडचं न बोलता यशोदाबाईकडे वळले.

"बाई, पाच वर्षं मनात आहे ते सांगायला आलोय. मिशी काढायला मी सांगितलं होतं. तुमच्यात तसं चालत नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. दोष द्यायचा तर मला द्या. पोराला नको."

यशोदाबाईनं पदर सावरला. कुणीतरी आपणहून समोर बसून हा विषय काढलाय, हे पाच वर्षांत पहिल्यांदा घडत होतं. ती बोलायला लागली, जुन्या यशोदाबाईसारखी, हातवारे करत.

"तुमचा काय दोष, मास्तर? तुमी परगावचं. नशिबात हुतं ते झालं. पन माज्या जिवाला एक समाधान हाय. माज्याकडनं म्या काय कमी क्येलं न्हाई. पाय मांडीवर घिऊन जखम धुतली. हळद भरली, राख भरली, वर ताजं शेन दाबून बांधलं. रोजच्या रोज सोडायचं नि नवं भरायचं, आठ दिस. डाक्टरनं बी केलं नसतं येवढं."

मास्तरांच्या हातातला चहाचा पेला खाली आला. त्यांनी तोंड उघडलं. पंचवीस वर्षं हा धडा शिकवलेला माणूस, त्याच्या ओठांवर ते शब्द आलेच होते. तेवढ्यात त्यांची नजर तिच्या पाठीमागं उभ्या असलेल्या ज्योतीरामकडे गेली. ज्योतीरामनं दोन्ही हात जोडले होते आणि तो मान हलवत होता. नाही, मास्तर. नाही.

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना तो कोरा पेपर कळला, पोराची पाच वर्षं कळली. त्यांचे डोळे भरून आले. पेला तसाच ठेवून ते उठले, यशोदाबाईला वाकून नमस्कार केला आणि चष्मा पुसत नदीच्या वाटेला लागले. ज्योतीराम त्यांना उतारापर्यंत सोडायला गेला. पाण्यात पाय घालण्याआधी मास्तरांनी त्याचा खांदा धरला, हलवला आणि ते गेले.

तो परत आला तेव्हा चूल पेटलेली होती. यशोदाबाईनं ताट वाढलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि उठून न जाता समोरच बसली.

"ज्योती," ती म्हणाली.

त्याच्या हातातला घास हातातच राहिला. त्यानं दाराकडे पाहिलं, शालन आली की काय म्हणून. दारात कुणी नव्हतं.

"तुलाच म्हंते. मास्तर येवढा शिकल्याला मानूस, माजं समदं ऐकलं नि रडला. त्याला बी पटलं, म्या करायचं ते क्येलं." तिनं पुढं सरकून त्याच्या पाठीवर हात ठेवला, पाच वर्षांनी. "तुज्याकडनं चूक झाली. पोरवय हुतं तुजं. म्या माफ क्येलं तुला, बाळा. तुज्या बापानं बी केलं आसंल. आता मनात ठिवू नगंस."

ज्योतीरामला तिच्या मांडीत डोकं घालून सांगायचं होतं की मला माफ कर, पण ज्यासाठी तू माफ करतेस त्यासाठी नव्हे. शेण मी आणलं होतं, आणि मला माहीत होतं. पण ते सांगायचं तर शेण कुणी भरलं तेही सांगावं लागलं असतं. तो तिच्या पाया पडला.

"माज्या हातात हुतं त्यात म्या काय कमी क्येलं का रं?" तिनं विचारलं.

"न्हाई, आये," ज्योतीराम म्हणाला. "तू काय सुदीक कमी क्येलं न्हाईस."